पाडव्यापर्यंत अनवाणी

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत.

तुमचं नाव मला ठाऊक आहे, खातंही ठाऊक आहे. इथं दोन्ही लिहीत नाही, कारण नाव लिहिलं की लोक तेवढंच वाचतात. धनत्रयोदशीच्या दुपारी तुम्ही आमच्या साड्यांच्या दालनात तपासणीला आला होता. तुम्ही भरलेल्या कागदाची नक्कल मी पंधरा वर्षांनी मिळवली. अर्ज माझा मीच लिहिला. नववीत शाळा सुटलेली बाई अर्ज कसा लिहिते ते तुमच्या कचेरीतल्या लोकांनी हसत हसत तीनदा बघितलं, चौथ्या वेळी कागद दिला. सातव्या ओळीत तुमच्या अक्षरात लिहिलंय, ‘महिला कर्मचाऱ्यांसाठी बसण्याची पुरेशी व्यवस्था आढळली.’

आढळली असेल. गिऱ्हाइकांसाठी वीस स्टुलं होती आणि मालकांच्या टेबलासमोर एक सोफा. स्टुलांना आम्ही हात लावायचा नव्हता. सोफ्यावर तुम्ही बसला होता.

आता त्या दिवाळीचं ऐका.

घटस्थापनेच्या सकाळी वहिनींनी आम्हा चौदा जणींना पुतळ्यांसमोर ओळीनं उभं केलं. वहिनी म्हणजे मालकांची बायको. मालक आजारी पडल्यापासून दुकान त्याच बघायच्या. हातात कुंकवाचा करंडा होता. प्रत्येकीच्या कपाळाला बोट लावत त्या बोलत होत्या.

“नऊ दिवस नऊ रंग, ते ठाऊकच आहे. यंदा अजून एक. नऊ दिवस सगळ्यांनी अनवाणी. दालनात पाऊल टाकल्यापासून दालन सोडेपर्यंत. देवीचे दिवस आहेत. बायका बघतात, बोलतात, चार बायका जास्त येतात.”

आमच्यातल्या निम्म्या घरीसुद्धा नवरात्रात चप्पल घालत नसत. मी तर खूशच झाले. माझ्या चपलेचा अंगठा तुटलेला होता.

तेवढ्यात गुणाक्का पुढं झाली.

गुणाक्का तीन नंबरच्या काउंटरला होती. नारायणपेठ आणि इरकल तिच्याकडं. बावीस वर्षं त्याच काउंटरमागं उभी. वय त्रेपन्न, अंगानं भरलेली, आवाज खणखणीत. गावोगावच्या बायका दालनात शिरल्या की आधी विचारायच्या, गुणाक्का आहे का. मी तिच्या हाताखाली दोन वर्षं शिकले. पहिल्याच दिवशी तिनं मला सांगितलं होतं, “सारिके, गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं बघू नकोस. तोंड खोटं बोलतंय. पायाकडं बघ. भेगा असल्या तर टिकणारा माल काढ. नखं रंगवलेली असली तर वरच्या कप्प्यातला काढ. आणि जोडवी नवी असली तर आईला विचार, पोरीला नको.”

ती बाई त्या सकाळी वहिनींना हळू आवाजात म्हणाली, “वहिनी, मला तेवढी चप्पल राहू द्या. शुगर आहे मला. डॉक्टरांनी खास चप्पल दिलीय, तळ मऊ आहे. घरातसुद्धा काढायची नाही म्हणालेत.”

“किती वर्षं आहे शुगर?”

“आठ.”

“आठ वर्षं कधी बोलला नाहीत, अक्का. आणि नेमकी देवी बसायच्या दिवशी शुगर आठवली?” वहिनी हसत होत्या. “एकट्या तुम्हाला सूट दिली तर उद्या बाकीच्या तेरा जणी तेरा कागद आणतील. आणि फरशी बघा, आरशासारखी आहे. काय रुतणार आहे तुमच्या पायाला?”

त्यांनी गुणाक्काच्या कपाळाला कुंकू लावलं. गुणाक्कानं चप्पल काढली, प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारली आणि माळ्यावरच्या गठ्ठ्यांमागं ठेवून आली. निळी होती ती चप्पल. दिसायला पोरांच्या खेळण्यातल्यासारखी.

दुपारी अर्ध्या तासाच्या सुट्टीत तिनं मला माळ्यावर बोलावलं. माळा म्हणजे आमचं सगळंच. तिथं डबे खायचे, तिथंच गठ्ठ्यांवर पाय टाकून दहा मिनिटं आडवं व्हायचं. सीझनात सकाळी दहापासून उभं राहिलं की दुपारपर्यंत पायात शिसं ओतल्यासारखं होतं, आणि फरशी गार असली तरी तळव्यांची आग होते.

“बॅटरी हाय का तुझ्या मोबाइलला?” गुणाक्कानं विचारलं.

“आहे की.”

“मग माझे पाय बघ.”

“काय झालंय?”

“झालं नाही. होऊ नये म्हणून बघायचं.” तिनं गठ्ठ्यावर बसून पाय पुढं केले. “मला तळव्यात काही कळत नाही गं. खडा टोचला, काटा टोचला, काय कळत नाही. माझं मला वाकून दिसत नाही. घरी सून बघायची. आता सून बाळंतपणाला गेलीय माहेरी. तू बघ. टाच, मग चवडा, मग बोटांच्या बेचक्या. ह्याच क्रमानं, म्हणजे काही सुटत नाही.”

मी हसले. “अक्का, राणीसारखी सेवा करून घेतीयेस.”

“घेते. हस तू. माझी थोरली बहीण चुलीपाशी बसली होती भाकरी करत. निखारा उडून पायाखाली आला. तिला कळलं नाही. घरात वास सुटला तेव्हा तिनं सुनेला विचारलं, काय करपलं गं. गुडघ्याखाली पाय काढला तिचा. दोन महिन्यांनी ती गेली.”

मी हसायची थांबले. बॅटरी लावली. टाच, चवडा, बेचक्या.

“काही नाही, अक्का. छान आहेत.”

“बरं. आता तुझे डोळे ते माझे.”

तिथून रोज. गुणाक्कानं हळूहळू सगळ्या पोरींनाच वळण लावलं. माळ्यावर एक बादली आली. त्यात कोमट पाणी. आधी कोपर घालून बघायचं, हात नाही, हाताला खरं कळत नाही म्हणायची. पाय पुसताना बेचक्या कोरड्या करायच्या. तळव्याला खोबरेल लावायचं, बेचक्यांत लावायचं नाही. मग पाय भिंतीला वर करून पाच मिनिटं पडायचं. एकदा आम्ही सहा जणी ओळीनं भिंतीला पाय लावून पडलो होतो आणि वहिनी वर आल्या.

“ही काय बाळंतिणींची खोली आहे का?”

“बाळंतिणींना तरी चाळीस दिवस मिळतात, वहिनी,” गुणाक्का पडल्या पडल्याच म्हणाली. “आम्हाला पाच मिनिटं द्या.”

सगळ्या हसल्या. वहिनी हसल्या नाहीत.

अजून एक गोष्ट ती करायची. दालनाच्या दारात सात पुतळे होते. नवरात्रात त्यांना रोज नवा रंग नेसवायचा, म्हणजे रोज सकाळी शेकडो टाचण्या काढायच्या आणि लावायच्या. त्यातल्या काही पडणारच. पांढऱ्या फरशीवर टाचणी दिसत नाही. गुणाक्कानं कुठल्याशा मोडक्या स्पीकरातलं चुंबक आणलं होतं. दोऱ्याला बांधून ते ती रोज सकाळी दालनभर ओढत फिरायची, कुत्र्याचं पिल्लू फिरवल्यासारखी. परत आली की चुंबकाला दहा-बारा टाचण्या चिकटलेल्या असायच्या. ती मोजायची नाही. डबीत टाकायची आणि कामाला लागायची.

नऊ दिवस गेले. दसरा झाला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गुणाक्का चपलेची पिशवी घेऊन खाली आली तेव्हा वहिनींनी तिला दारातच थांबवलं.

“अक्का, इतक्यात नको. लोकांना फार आवडलं. तालुक्याच्या पेपरात फोटो आला आपला. आता लक्ष्मी यायचे दिवस. पाडव्यापर्यंत राहू दे असंच.”

“वहिनी, पाडवा तीन आठवड्यांनी आहे.”

“मग? बावीस वर्षं उभ्या राहिलात, तीन आठवड्यांचं काय घेऊन बसलात?”

गुणाक्का बसली कुठं होती? पिशवी परत माळ्यावर गेली. त्या दुपारी मी तिला म्हटलं, “अक्का, सोडून दे की हे. दुसरं दुकान बघ.”

“त्रेपन्नाव्या वर्षी?” ती म्हणाली. “शुगरवाली, जाड, गुडघे गेलेली. कोण उभं करून घेईल मला? सीझन जाऊ दे. पाडवा झाला की महिनाभर पाय वर करून पडते. तू फक्त बघत जा.”

मी बघत गेले. पुढचे पंधरा दिवस मी रोज बघितलं. टाचेला एक चीर पडली ती मला दिसली, तिनं मलम लावलं, ती भरली. अंगठ्याला फोड आला तो दिसला. तीन दिवस पट्टी बांधली. डॉक्टरांकडं गेली तर ते म्हणाले, कोण बघतं पाय? तिनं माझं नाव सांगितलं. परत आल्यावर मला म्हणाली, “डॉक्टर म्हणाले, पोरगी हुशार आहे.” मला फार बरं वाटलं. मला तोवर हुशार कुणी म्हटलं नव्हतं.

मग वसुबारस आली.

त्या सकाळी वहिनींनी मला कुंकू कालवायला लावलं. दारापासून मालकांच्या गल्ल्यापर्यंत लक्ष्मीची पावलं काढायची होती. मूठ वळायची, तिची कड कुंकवात बुडवायची, फरशीवर टेकवायची, की झाला तळवा. वर बोटानं पाच ठिपके. एक उजवं, एक डावं. गुडघ्यांवर रांगत मी बावीस जोड काढले. तोवर गुणाक्का चुंबक घेऊन आली.

“थांबा, थांबा,” वहिनी म्हणाल्या. “पावलं ओली आहेत. त्यावरून ते काय फिरवताय?”

“कडेकडेनं फिरवते.”

“नको. दोन दिवस नको. एक पाऊल पुसलं तर अपशकुन.”

चुंबक खिळ्याला टांगलं गेलं. दार उघडलं आणि गर्दी आत आली. त्या दिवशी गर्दी कशी होती ते तुम्हाला सांगून कळणार नाही. साड्या घड्या मोडून पडत होत्या, आम्ही गुडघाभर रेशमात उभ्या होतो. दुपारची सुट्टी दहा मिनिटांवर आली. माळ्यावर मी धापकन गठ्ठ्यांवर पडले. गुणाक्का जिना चढून आली, समोर बसली, पाय पुढं केले.

“बॅटरी?”

“उजेड आहे की, अक्का.”

“बघ बरं.”

“छान आहेत.”

“बेचक्या?”

“छान आहेत म्हटलं ना.”

“बरं,” ती म्हणाली आणि खाली गेली.

दुसऱ्या दिवशी धनत्रयोदशी. त्या दिवशी सुट्टीच मिळाली नाही, कारण तुम्ही आलात.

दारात आलात तेव्हा चपलांचा ढीग बघून तुम्ही थबकलात. वहिनी धावत आल्या. “साहेब, असू द्या, असू द्या. तुम्ही बूट काढायचे नाहीत.” तुम्ही बुटांसकट आत आलात, लक्ष्मीच्या पावलांच्या कडेकडेनं, जपून. सोफ्यावर बसलात. चहा आला, शंकरपाळ्या आल्या. तुम्ही कागद काढला, पेन काढलं आणि म्हणालात, “आधी घरच्यांसाठी एक इरकल दाखवा. नाहीतर राहून जाईल.”

वहिनींनी गुणाक्काला हाक मारली. इरकल तिच्याकडं. तिचं कपाट दालनाच्या पार मागच्या भिंतीला. ती एक चळत घेऊन आली, तुम्हाला रंग पसंत पडले नाहीत. ती परत गेली, दुसरी चळत आणली. काठ लहान होता. तिसरी आणली. मी तिच्यामागून नापसंत साड्या उचलत होते. मला दिसलं की ती डावा पाय जरा तिरका टाकतेय. लंगडत नव्हती. जिला दुखत नाही ती लंगडणार कशी?

एक मोरपंखी तुम्हाला आवडली. ती मांडीवर ठेवून तुम्ही गुणाक्काला विचारलंत, “काय बाई, बसायला मिळतं ना इथं?”

वहिनी बाजूला उभ्या होत्या. “सांगा की, अक्का. घाबरू नका. खरं ते सांगा.”

“मिळतं की,” गुणाक्का म्हणाली.

तुम्ही लिहिलंत. चहा संपवलात आणि गेलात.

तुमच्यामागं फरशीवर ठिपके होते. लाल. मागच्या भिंतीपासून सोफ्यापर्यंत. वहिनींनी बघितले.

“काय गं ते, सारिका?”

मी खाली बसले. बोट लावलं. कुंकू सुकलं की त्याची भुकटी होते. हे चिकटत होतं.

“कुंकू आहे,” मी म्हटलं. “माझ्या हाताचं सांडलं असेल.”

“पूस पटकन.”

मी पुसलं. फडक्याला लोखंडाचा वास येत होता. मी फडकं धुतलं आणि परत काउंटरला उभी राहिले. गुणाक्का पलीकडं एका म्हातारीला काठ दाखवत होती. म्हातारी कशावर तरी हसली. गुणाक्काही हसली.

त्यानंतर लक्ष्मीपूजन, मग पाडवा. दोन्ही दिवस ती उभी होती. दोन्ही दिवस पाय बघायला तिनं मला बोलावलं, आणि मी कामं काढली. घड्या करायच्यात, अक्का. पुतळे उतरवायचेत. ती म्हणाली, असू दे गं, सीझन संपलाच.

भाऊबीजेला तिला हुडहुडी भरून ताप आला. चौथ्या दिवशी मी दवाखान्यात गेले तेव्हा पाय चादरीबाहेर होता, उघडा, घोट्यापर्यंत काळा. डॉक्टर तरुण होते. त्यांच्या हातात स्टीलची वाटी होती आणि वाटीत एक टाचणी. पुतळ्याची. डोक्यासकट आत शिरलेली.

“ही किमान आठ-नऊ दिवस आत आहे,” ते म्हणाले. “लक्ष कसं गेलं नाही कुणाचं? पहिल्या दिवशी काढली असती तर एका पट्टीवर भागलं असतं.”

गुणाक्का तापात होती, तरी मान उचलून म्हणाली, “नाही डॉक्टर. आठ दिवस कसे असतील? ही पोरगी रोज बघायची. बॅटरी लावून बघायची. वसुबारसेला बघितलं तिनं, छान होते. टाचणी त्यानंतरची आहे. तुमचं काहीतरी चुकतंय.”

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं.

मी काय सांगणार होते? वसुबारसेच्या दुपारी मी गठ्ठ्यांवर पडले होते ते डोळे मिटून. ती समोर येऊन बसली, पाय पुढं केले, ते मला तिच्या बांगड्यांच्या आवाजावरून कळलं. मी डोळे उघडले नाहीत. माझे स्वतःचे पाय ठणकत होते आणि मला वाटलं, पंचवीस दिवस बघतेय, एक दिवस नाही बघितलं तर काय होतंय. डोळे मिटूनच मी तिला ‘छान आहेत’ म्हटलं. दोनदा म्हटलं.

डॉक्टरांसमोर मी मान खाली घातली. त्यांनी वाटी उचलली आणि गेले.

गुडघ्याखाली डावा पाय काढला. गुणाक्का त्यानंतर चार वर्षं जगली. मी जायची. दर खेपेला ती उरलेला उजवा पाय पुढं करायची आणि म्हणायची, बघ गं. मी बॅटरी लावून बघायची. टाच, चवडा, बेचक्या. तिला खरं सांगायचं म्हणून मी दर वेळी घरातून निघायची आणि दर वेळी न सांगता परत यायची. शेवटच्या खेपेला सांगितलं. ती म्हणाली, “वास आला होता मला. लक्ष्मीपूजनाला. मला वाटलं फटाक्यांचा.” तेवढंच बोलली. मला माफ केलं की नाही, ते बोलली नाही, आणि मी विचारलं नाही.

तर साहेब, माझं सांगून झालं. मी न बघता ‘छान आहेत’ म्हटलं, बघून ‘कुंकू आहे’ म्हटलं. ते मी इथं माझ्या नावानं लिहितेय. वहिनी आता नाहीत. गुणाक्का नाही. त्या दुपारी सोफ्यापाशी होतो त्यातले आपण दोघंच उरलोय.

गुणाक्का ‘मिळतं की’ म्हणाली, म्हणून मी लिहिलं, असं तुम्ही म्हणाल. चालेल. मालकिणीसमोर विचारलंत तर काय उत्तर येतं ते तुम्हाला ठाऊक नव्हतं, हेही मानते. मला दुसरंच विचारायचंय.

ती तिसरी चळत घेऊन आली तेव्हा मी तुमच्यासमोर साड्या उचलत होते. ती साडी पसरायला वाकली. तुम्ही खाली बघितलंत. तुमच्या डाव्या बुटाशी एक लाल ठिपका होता, ताजा, चमकत होता. तुम्ही बूट उचललात आणि वीतभर बाजूला ठेवलात. मग पेन उघडलंत.

लक्ष्मीचं पाऊल समजून बाजूला घेतला, असं म्हणू नका. ती पावलं मी माझ्या मुठीनं काढली होती. ती दारापासून गल्ल्याकडं जात होती. हे ठिपके मागच्या भिंतीकडून तुमच्याकडं येत होते. लक्ष्मी दोन पायांनी येते, साहेब. हे सगळे ठिपके एकाच पायाचे होते.

तुम्ही बूट का बाजूला घेतलात?